चार्ज म्हणजे नक्की काय? नाशकात नवीन नोकरीला आलेल्यांसाठी एका शब्दाची गोष्ट, पायरी पायरीने

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे डिस्पॅचला सुरगाण्याकडची एक मुलगी लागली. अंबड एमआयडीसीत काम करते मी, पॅकिंग आणि डिस्पॅच माझ्याकडे असतं. मुलगी बारावी झालेली, हाताला भराभर, एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी तिचं आयडी कार्ड बसमध्ये कुठेतरी पडलं आणि आत येताना तिने गेटजवळचा बोर्ड वाचला, त्यावर इंग्लिशमध्ये लिहिलेलं होतं, एम्प्लॉइज विल बी चार्ज्ड रुपीज ५०० फॉर लॉस ऑफ आयडी कार्ड. तिला चार्ज म्हटलं की बातम्यांतलं चार्जशीट माहीत. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. मी फोन केला तर रडत म्हणाली, ताई, माझ्यावर केस होईल का, घरी कुणाला सांगितलं नाहीये मी अजून.

केस बिस काही नव्हती हो, नवीन कार्डाचे पाचशे रुपये पगारातून कापणार एवढंच होतं. पण एका शब्दापायी ती पोर रात्रभर झोपली नाही. तेव्हापासून मी ठरवलंय की नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हा एक शब्द नीट समजावून सांगायचा, कारण चार्ज हा शब्द नाशकात तुम्हाला दिवसातून दहा वेळा भेटणार, लाइट बिलावर, बँकेत, कंपनीत, दवाखान्यात, पोलीस स्टेशनच्या बातमीत, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा निघणार. डिक्शनरी उघडली तर वीसेक अर्थ दिसतात आणि डोकं गरगरतं. ते पाठ करू नका. मी सांगते तसं घ्या.

पायरी पहिली, एकच चित्र डोक्यात ठेवा

लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर उभा आहे आणि मागच्या ट्रॉलीत माल चढवणं चालू आहे. झालं, हे चार्ज. खरंच सांगते, शब्दाचा जन्म तिथलाच आहे. लॅटिनमध्ये कारुस म्हणजे गाडी, त्यावरून कारिकारे म्हणजे गाडीत माल भरणं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्लिशमध्ये आलं आणि चार्ज झालं. मोटारीला आपण कार म्हणतो ती आणि जहाजाचा माल म्हणजे कार्गो, दोन्ही याच घरातली भावंडं.

म्हणजे चार्जचा मूळ अर्थ भार घालणं, ओझं चढवणं. आता बघा गंमत, आपल्या मराठीत हा भार शब्द आधीच सगळीकडे बसलेला आहे. ऑफिसचा चार्ज म्हणजे कार्यभार. इन चार्ज माणूस म्हणजे प्रभारी. शाळेत विज्ञानात धनप्रभारित आणि ऋणप्रभारित कण शिकलो तो प्रभार म्हणजे पण चार्जच. सरचार्ज म्हणजे अधिभार. आणि भार, भरणं हे दोन्ही संस्कृतच्या एकाच भृ धातूतून आलेले, म्हणून बंदूक भरणं पण इंग्लिशमध्ये चार्ज आणि बॅटरी भरणं पण चार्ज. ज्या कुणी मराठीत हे प्रतिशब्द बसवले त्यांनी फार विचार करून बसवले असं मला मनापासून वाटतं. इंग्लिश मीडियमच्या पोरांना हा धागा दिसत नाही, तुम्हाला दिसतो, तेव्हा आपलं मराठीतून शिक्षण झालं म्हणून इंग्लिश येत नाही हे आधी मनातून काढा.

यापुढे कुठेही चार्ज दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, इथे कशाचा भार, कुणावर? पैशाचा, कामाचा, विजेचा, की आरोपाचा? उत्तर आपोआप येतं.

पायरी दुसरी, पैशाचा चार्ज

सगळ्यात जास्त लागणारा हाच. कुणी काम करून दिलं, सेवा दिली आणि त्याचे पैसे तुमच्यावर लावले की तो चार्ज. क्रियापद म्हणून वापरताना आपल्या लोकांची एक चूक ठरलेली असते, आपण मराठीत म्हणतो माझ्याकडून शंभर घेतले, म्हणून इंग्लिशमध्ये पण ‘ही चार्ज्ड हंड्रेड रुपीज फ्रॉम मी’ असं बोलतो. यातला फ्रॉम काढून टाका. बरोबर वाक्य, ‘ही चार्ज्ड मी अ हंड्रेड रुपीज’. क्रम लक्षात ठेवा, चार्ज, मग माणूस, मग रक्कम, आणि कशाचे ते सांगायचं असेल तर शेवटी फॉर. दे चार्ज्ड मी फिफ्टी रुपीज फॉर पार्किंग. विचारायचं असेल तर हाऊ मच डू यू चार्ज? एवढं एक वाक्य पाठ केलंत तरी झेरॉक्सवाल्यापासून फोन रिपेअरवाल्यापर्यंत सगळीकडे चालतं.

आता कुठे चार्ज म्हणायचं नाही ते पण बघा, कारण इथेच मुलाखतीत लोक अडकतात. दुकानातल्या वस्तूला चार्ज नसतो, प्राइस असते. द्राक्षांचा भाव म्हणजे प्राइस ऑफ ग्रेप्स, पण तीच द्राक्षं कोल्ड स्टोरेजला ठेवली की ठेवण्याचे पैसे म्हणजे स्टोरेज चार्ज. सिटीलिंकच्या बसचं तिकीट म्हणजे फेअर. डॉक्टर, वकील, कॉलेज यांची फी. शिंदे पळसेच्या नाक्यावर देता तो टोल. सिग्नल तोडला तर भरायचा तो फाइन, दंड. पार्किंगचे, डिलिव्हरीचे, इन्स्टॉलेशनचे मात्र चार्जेस.

गावाकडून आलेल्यांना हे पटकन कळतं कारण बाजार समितीतली हिशोब पट्टी घरी पाहिलेली असते. हमाली, तोलाई, वाराई. आपल्याकडे प्रत्येक कामाच्या पैशाला स्वतंत्र नाव आहे, इंग्लिशमध्ये त्या सगळ्याच्या मागे नुसतं चार्ज लावतात, लोडिंग चार्ज, वेइंग चार्ज. तेवढाच फरक.

फ्री ऑफ चार्ज म्हणजे फुकट, यात काही विशेष नाही. पण हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज माहीत असू द्या. तो सरकारी टॅक्स नाही, जीएसटी वेगळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, ग्राहकाने मर्जीने दिला तर गोष्ट वेगळी, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या सूचना योग्य ठरवल्या. तेव्हा कॉलेज रोड गंगापूर रोडला मित्रांबरोबर गेलात आणि बिलात ती ओळ दिसली तर नम्रपणे म्हणायचं, प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज. घाबरायचं नाही. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीत सुद्धा बोलता येतं.

पायरी तिसरी, लाइट बिल समोर घेऊन बसा

हा माझा आवडता धडा आहे. रूमवर महावितरणचं बिल आलं की फेकू नका. त्यात एकाखाली एक ओळी असतात, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. इथे आकार म्हणजे शेप नव्हे, इथे आकार म्हणजे चार्ज! फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज, फ्युएल ॲडजस्टमेंट चार्ज. शुल्क आकारलं जाईल असं आपण लिहितो ना, त्यातला आकार.

स्थिर आकार म्हणजे तुम्ही महिनाभर गावी असलात, एक युनिट जाळलं नाही तरी द्यावाच लागणारा. वीज आकार वापरलेल्या युनिटवर. वहन आकार वीज तारांमधून तुमच्या घरापर्यंत वाहून आणण्याचा, म्हणजे परत तीच गाडी आणि तोच माल. खाली वीज शुल्क लिहिलेलं असतं ते मात्र चार्ज नाही, ती इलेक्ट्रिसिटी ड्युटी, सरकारकडे जाणारी. घरमालक चार जणांत बिल वाटून देतो तेव्हा स्थिर आकार किती आणि वीज आकार किती हे विचारता आलं पाहिजे, कारण जो पंधरा दिवस गावी होता त्याने वीज आकारात कमी दिलं तर ते रास्त आहे पण स्थिर आकारात सगळ्यांचा सारखा वाटा. आमच्या इथल्या दोन पोरांचं यावरून वाजलं होतं, बिल समोर ठेवून दहा मिनिटांत मिटलं.

पायरी चौथी, फोन आणि बॅटरी

मराठीत आपण म्हणतो चार्जिंग संपली, चार्जिंगला लाव, मोबाईल चार्ज झाला. मराठीत बोलताना खुशाल म्हणा. इंग्लिशमध्ये मात्र माय चार्जिंग इज फिनिश्ड असं नाही म्हणत. माय बॅटरी इज डेड, किंवा आय नीड टू चार्ज माय फोन. कुणाकडे मागायचं असेल तर कॅन आय चार्ज माय फोन हिअर? आणि रीचार्ज हा शब्द आपण बॅलन्स टाकायला वापरतो, भारतात सगळ्यांना कळतो, परदेशी कस्टमरशी बोलायची वेळ आली तर ते त्याला टॉप अप म्हणतात.

बॅटरी या शब्दाचं नाशिकशी एक नातं आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तिकडच्या गावांत सरावाचे आवाज येतात. तोफांच्या एका तुकडीला पण बॅटरी म्हणतात आणि तोफेत गोळ्यामागे जी दारू भरतात तिला चार्ज म्हणतात, चार्ज जास्त तितका गोळा लांब. विजेची बॅटरी नंतर आली, बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ साली एका पत्रात वीज साठवणारी काचेची तावदानं एकत्र जोडलेल्या आपल्या यंत्राला इलेक्ट्रिकल बॅटरी म्हटलं, शब्द तोफखान्याचा, काम विजेचं. म्हणजे तुमच्या हातातल्या फोनवर चार्ज आणि बॅटरी हे जे दोन शब्द दिसतात ते दोन्ही तोफेच्या शेजारचे आहेत.

(देवळालीने इंग्लिशला स्वतःचा पण एक शब्द दिलाय, डूलॅली, म्हणजे डोकं फिरलेला. ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे त्यावरून देवळाली टॅप म्हणायला लागले, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप!)

पायरी पाचवी, कामाचा चार्ज

कंपनीत हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथे एका छोट्याशा द मुळे अर्थ उलटा होतो म्हणून सावकाश वाचा.

शी इज इन चार्ज ऑफ द स्टोअर. म्हणजे स्टोअर तिच्या ताब्यात, जबाबदारी तिची.

द स्टोअर इज इन द चार्ज ऑफ अ सीनिअर क्लार्क. म्हणजे स्टोअर क्लार्कच्या हवाली. इथे द आला आणि सांभाळणारा शेवटी गेला.

इन चार्ज ऑफ मध्ये जबाबदार माणूस आधी येतो. इन द चार्ज ऑफ मध्ये जे सांभाळायचं ते आधी येतं. सुरुवातीला गोंधळ होत असेल तर फक्त पहिलं वापरा, आय ॲम इन चार्ज ऑफ पॅकिंग, एवढ्यावर वर्षानुवर्षं निभतं.

शिफ्ट बदलताना टेक चार्ज आणि हँड ओव्हर चार्ज हे दोन येणारच. सरकारी ऑफिसात चार्ज दिला, चार्ज घेतला, साहेबांकडे दुसऱ्या तालुक्याचा पण चार्ज आहे असं बोलतात, पेपरमध्ये त्यालाच अतिरिक्त कार्यभार छापतात. माझा एक आग्रह आहे, चार्ज घेताना मोजून घ्या आणि लिहून घ्या. किती बॉक्स, किती टेप रोल, कुठली ट्रॉली खराब. सही केलीत की भार तुमच्या डोक्यावर, नंतर आधीच्या शिफ्टवाल्याने केलं म्हणून चालत नाही. मी नवीन असताना न मोजता सही केली होती आणि अकरा बॉक्सचा हिशोब माझ्या नावावर लागला, त्या महिन्यात घरी पैसे पाठवता आले नाहीत. आईला फोनवर काय सांगायचं तेच सुचत नव्हतं. म्हणून कळकळीने सांगते.

पायरी सहावी, आरोपाचा चार्ज, आणि घाबरायचं कधी

सुरगाण्याच्या मुलीची भीती या अर्थाची होती. इथे फरक ओळखायची खूण एकदम सोपी आहे. चार्जनंतर फॉर आणि रक्कम असेल तर पैसे. चार्जनंतर विथ असेल तर आरोप. चार्ज्ड ५०० रुपीज फॉर अ कार्ड म्हणजे पाचशे लागतील. चार्ज्ड विथ थेफ्ट म्हणजे चोरीचा आरोप ठेवला. तो बोर्ड परत वाचा, त्यात फॉर आहे, विथ नाही. तेवढं माहीत असतं तर ती पोर रडली नसती. (ॲक्यूज्ड हा शब्द वापरलात तर त्याच्यापुढे मात्र ऑफ येतो, ॲक्यूज्ड ऑफ थेफ्ट. पेपर वाचताना दोन्ही भेटतील.)

चार्जशीट पण दोन प्रकारचं. पोलिसांचं चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र, ते तपास झाल्यावर कोर्टात दाखल होतं, नुसता एफआयआर नोंदवला म्हणजे चार्जशीट नव्हे. त्यानंतर कोर्ट आरोप निश्चित करतं, बातमीत त्याला चार्जेस फ्रेम्ड म्हणतात. आणि कंपनीतलं चार्जशीट वेगळं. गैरहजेरी, शिस्त, नुकसान असं काही असेल तर मॅनेजमेंट आरोप लेखी देते आणि तुमचा खुलासा मागते. त्यात पोलीस नसतात. ते हातात पडलं तर घाबरून गावी पळून जाऊ नका, हेच सगळ्यात वाईट, कारण उत्तर दिलं नाही की प्रकरण तुमच्याशिवाय पुढे जातं. कागद घ्या, मिळाल्याची तारीख टाकून सही करा, एक कॉपी स्वतःकडे ठेवा, दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, युनियन असेल तर त्यांना दाखवा. इंग्लिश समजत नसेल तर मराठीत कॉपी मागायला लाजू नका.

शेतकरी घरातल्यांसाठी एक वेगळा अर्थ पण सांगून टाकते. बँकेच्या कागदात चार्ज ऑन द प्रॉपर्टी दिसलं तर ना आरोप ना फी, तो बोजा. सोसायटीचं कर्ज घेतलं की सातबाराच्या इतर हक्कात बोजा चढतो ना, तोच. शब्द बघा, बोजा आणि चढतो, परत ट्रॉलीत माल चढवलाच. कर्ज फिटल्यावर नो ड्यूज दाखला घेऊन तलाठ्याकडून तो बोजा उतरवून घ्यायचा राहून जातो बऱ्याच जणांचा, वडिलांना आठवण करा.

पायरी सातवी, अंगावर येणारा चार्ज आणि उतरणारा डिस्चार्ज

लाठीचार्ज तर आपलाच झालाय. प्राणी अंगावर धावून आला की चार्ज्ड ॲट, निफाड सिन्नरकडच्या उसातल्या बिबट्याच्या इंग्लिश बातम्यांत हे दिसेल, द लेपर्ड चार्ज्ड ॲट हिम. मराठीत हल्ला चढवतात म्हणून लक्षात ठेवा, हे पण चढवणंच.

डिस म्हणजे काढणं, त्यामुळे डिस्चार्ज म्हणजे भार उतरवणं, मोकळं करणं. पेशंटला डिस्चार्ज मिळाला. बॅटरी डिस्चार्ज झाली. जखमेतून पाणी पू येतं ते पण डिस्चार्ज, सिव्हिलच्या कागदावर हा शब्द वाचला तर पेशंटला घरी सोडलं असा अर्थ लावू नका, वाक्य पूर्ण वाचा. आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडतात तो डिस्चार्ज, मराठी बातमीत विसर्ग. आकडा क्यूसेकमध्ये असतो, एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. गोदाकाठाला राहायला असाल, पंचवटीत, तर हा आकडा वाचता येणं गरजेचं आहे. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं हे नाशिककर बघतात, पण डिस्चार्ज वाढल्याचा मेसेज त्याच्या आधी येतो.

वातावरण चार्ज्ड होतं असंही म्हणतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, पहिली उडी पडायच्या आधीची दोन मिनिटं ज्याने अनुभवलीत त्याला समजवायला नको. मराठीत भारलेलं वातावरण.

पायरी आठवी, तोंडाने म्हणा

आपल्या मराठीत च दोन प्रकारे बोलतात आणि ज पण. चार्जचा च चहातला, चमच्यातला नव्हे. ज जेवणातला, जागेतला नाही. चार्ज्ड एका झटक्यात म्हणायचं, चार्जेड नाही. चार्जेस म्हणताना शेवटचा आवाज झ कडे झुकतो, चार्जिझ. सकाळी बसमध्ये हळू आवाजात पाच वाक्यं म्हणा, एक पैशाचं, एक फोनचं, एक कामाचं, एक आरोपाचं, एक डिस्चार्जचं. रोज वेगळी, स्वतःच्या दिवसातली. पुस्तकातली पाठ केलेली विसरतात, स्वतःची राहतात.

ती मुलगी पाचव्या दिवशी आली. पाचशे भरले, नवीन कार्ड घेतलं. आठवड्याने एचआरला विचारून तिने त्या बोर्डाखाली जाड मार्करने एक कागद चिकटवला, आयडी कार्ड हरवल्यास नवीन कार्डाचे ५०० रुपये आकारले जातील. अजून आहे तिथे, कोपरे सुटले की तीच टेप लावते.